दातांवरचं व्हिनीअर: खुर्चीत बसण्याआधी विचारले जाणारे प्रश्न

कोथरूडमधल्या आमच्या दवाखान्यात दिवसाआड कुणीतरी मोबाइलवर एखादा हसरा फोटो काढून समोर धरतं आणि विचारतं, ‘डॉक्टर, माझं असं होईल का?’ फोटोवरून ते सांगता येत नाही. पण त्यानंतरचे प्रश्न बहुतेक ठरलेले असतात, म्हणून ते इथे लिहून काढले. उत्तरं माझी आहेत, तेव्हा अधूनमधून मतंही येतील.

व्हिनीअर म्हणजे नेमकं काय? सुतार लावतो तेच का?

शब्द तोच आणि कल्पनाही तीच. प्लायवूडवर सागाचा पापुद्रा चिकटवला की कपाट सागवानी दिसतं. दाताच्या दर्शनी बाजूवर पोर्सिलेनचा किंवा कॉम्पोझिटचा, म्हणजे दाताच्या रंगाच्या भरावाचा, पापुद्रा चिकटवला की दाताचा रंग, आकार, लांबी बदललेली दिसते. त्याची जाडी साधारण ०.३ ते ०.७ मिलिमीटर, म्हणजे आपल्या नखाएवढी. काही दवाखान्यांत याच गोष्टीला लॅमिनेट म्हणतात. नाव वेगळं ऐकून दोन वेगळ्या वस्तू समजू नका.

एक फरक मात्र मोठा आहे. सुताराचं काम फसलं तर नवा प्लाय आणता येतो.

मग कॅप आणि व्हिनीअर यांत काय फरक?

कॅप दाताला चहूबाजूंनी टोपीसारखी बसते, त्यामुळे दात सगळीकडून तासावा लागतो. व्हिनीअर फक्त पुढून आणि थोडं टोकावरून. एडलहॉफ आणि सोरेनसेन यांनी २००२ साली हे वजन करून मोजलं होतं. व्हिनीअरसाठी दाताच्या दिसणाऱ्या भागातला ३ ते ३० टक्के हिस्सा जातो, पूर्ण कॅपसाठी ६३ ते ७२ टक्के. हा आकडा मी जवळजवळ प्रत्येकाला सांगते. कारण परदेशात स्वस्तात ‘व्हिनीअर’ करून आलेल्यांच्या तोंडात पुष्कळदा प्रत्यक्षात कॅपा असतात आणि खाली दाताचा नुसता खुंट उरलेला असतो. इंग्लंडमधली तरुण मुलं तुर्कस्तानात जाऊन असं करून येतात, त्यावर तिकडे बराच गदारोळ झालाय. तेव्हा खुर्चीत बसण्याआधी सरळ विचारा: ‘दात मागून तासणार का?’ उत्तर ‘हो’ आलं तर ती कॅप आहे, बिलावर काहीही लिहिलेलं असो.

हे नवीन फॅड आहे का?

नाही. कॅलिफोर्नियातले दंतवैद्य चार्ल्स पिंकस १९२०-३०च्या दशकांत हॉलिवूडच्या नटांसाठी असे पापुद्रे बनवायचे. ते कवळी बसवायच्या पावडरीने तात्पुरते चिकटवायचे आणि चित्रीकरण संपलं की काढून ठेवायचे. शर्ली टेंपल या बालतारकेचे दुधाचे दात पडायला लागले तेव्हा पडद्यावर ती खिंडारं दिसू नयेत म्हणूनही त्यांनीच सोय केली होती. पण हे जेवताना निघायचं. ते दाताला कायमचं धरून कसं राहील, याचं पहिलं सूत्र १९५५ मध्ये मायकेल बुओनोकोर यांनी दिलं: एनॅमलवर, म्हणजे दाताच्या वरच्या कठीण कवचावर, आम्ल लावलं की त्यावर बारीक खाचा पडतात आणि रेझिन (कडक होणारं चिकट प्लास्टिक) त्यांत घट्ट रुतून बसतं. १९८३ च्या सुमारास सायमनसेन आणि कॅलामिया यांनी पोर्सिलेनलाही आतून आम्लाने तशाच खाचा पाडता येतात हे दाखवलं. आज आम्ही करतो ते या दोन गोष्टींचं मिळून झालेलं काम आहे.

मला व्हिनीअर खरंच लागेल का?

माझ्याकडे ‘व्हिनीअर हवं’ म्हणून येणाऱ्यांतल्या बऱ्याच जणांना ते लागत नाही. दवाखान्याच्या धंद्याच्या दृष्टीने हे वाक्य लिहू नये असं माझा भाऊ म्हणतो. तो हिशेब बघतो.

दात नुसते पिवळे असतील तर आधी साफ करून घ्या. चहा, तंबाखू, मिश्री यांचे डाग पुष्कळदा स्केलिंग-पॉलिशिंगमध्येच जातात आणि माणूस आरशात बघून ‘अरे, एवढंच होतं होय!’ म्हणतो. (मिश्री लावणाऱ्या काकूंना मात्र हेही सांगते की डाग ही त्यातली सगळ्यात किरकोळ गोष्ट आहे. जाळलेली असली तरी ती तंबाखूच.) त्यानंतरही दाताचा मूळ रंग पिवळसर वाटला तर ब्लीचिंग आहे. रात्री ट्रेमध्ये जेल घालून झोपायची घरगुती पद्धत १९८९ पासून वापरात आहे आणि तीत दात तासला जात नाही.

दात वेडेवाकडे असतील तर ते तारेने किंवा अलायनरने (काढघाल करता येणाऱ्या पारदर्शक साच्यांनी) सरळ करायचे. वाकडा दात तासून, वर सरळ पापुद्रा चिकटवून ‘सरळ’ करणं म्हणजे भिंत पाडून तसबीर सरळ करण्यासारखं आहे. वर्षभर थांबायची तयारी नसते हे मला कळतं. पण वर्ष कसंही जाणारच असतं, दात मात्र परत येत नाही.

कोपरा उडालाय, कडा खडबडीत आहेत, दोन दातांत लहानशी फट आहे, अशा वेळी थोडं कॉम्पोझिट लावून तासाभरात काम होतं.

मग व्हिनीअर कुणाला? ज्यांचे डाग ब्लीचिंगने जात नाहीत, पटाशीचे दात झिजून आखूड झालेत, दातांचा आकारच जन्मतः बारीक किंवा खुंटीसारखा आहे, एनॅमल नीट तयार झालेलं नाही, किंवा जुन्या कॉम्पोझिटची चार-चार ठिगळं लागून दात गोधडीसारखा झालाय, त्यांना. या लोकांसाठी हा खरोखर फार सुंदर उपाय आहे, आणि त्यांना नको म्हणणाऱ्यांशी मी भांडते.

दात किती तासतात? तासलेलं परत भरून येतं का?

येत नाही. हाड जुळतं, कातडी भरून येते, पण एनॅमल तयार करणाऱ्या पेशी दात हिरडीबाहेर येईपर्यंत संपलेल्या असतात. या पानावरचं दुसरं सगळं विसरलात तरी चालेल, एवढं ध्यानात ठेवा.

वरच्या पटाशीच्या दातावर एनॅमलची जाडी हिरडीजवळ जेमतेम ०.३ ते ०.५ मिलिमीटर असते, टोकाकडे ती १ मिलिमीटरच्या आसपास जाते. आमचं सगळं काम एवढ्यात बसलं पाहिजे. तासताना एनॅमल ओलांडून आतल्या डेंटिनमध्ये गेलं की दोन गोष्टी होतात. दात आंबायला लागतात, गार पाण्याने कळ येते. आणि चिकटण्याची ताकद घटते, कारण डेंटिन ओलसर आणि बारीक नळ्यांचं बनलेलं असतं, तिथे रेझिनची पकड एनॅमलसारखी बसत नाही. पाच वर्षांत निघून येणाऱ्या व्हिनीअरचं कारण पुष्कळदा हेच असतं. सिमेंट दोषी नसतं, तासणारा हात जास्त खोल गेलेला असतो.

न तासता बसवता येतं अशी जाहिरात पाहिली. खरं का?

काही दातांवर खरं. दात मुळात लहान किंवा आत कललेले असतील, मध्ये फटी असतील, तर काहीही न तासता पापुद्रा चढवायला जागा असते. दात आधीच भरदार किंवा पुढे आलेले असतील तर त्यावर आणखी थर चढवला की ओठ पुढे येतो, हिरडीजवळ धार राहते, तिथे अन्न अडकतं आणि हिरड्या लाल होतात. जाहिरातीतलं ‘नंतरचं’ छायाचित्र तुमच्या दातांचं नाही, एवढं बघा.

बसवताना काय काय करतात?

साधारण तीन ते चार भेटी लागतात.

पहिल्या भेटीत तपासणी, एक्स-रे, हसतानाचे-बोलतानाचे फोटो आणि दातांचा साचा किंवा स्कॅन. कीड असेल, पायरिया असेल, तर तो आधी बरा करायचा. रक्त येणाऱ्या हिरडीशेजारी चिकटकाम करणं म्हणजे ओल असलेल्या भिंतीला रंग देणं.

दुसरी भेट माझ्या मते सगळ्यात महत्त्वाची आणि दुर्दैवाने अनेकदा गाळली जाणारी. साच्यावर मेणाचे नवे दात घडवतात आणि त्यावरून तुमच्याच दातांवर, काहीही न तासता, तात्पुरता नमुना चढवतात. त्याला मॉक-अप म्हणतात. तो घालून आरशात बघायचं, बोलून बघायचं. ‘फ’ आणि ‘व’ म्हणताना वरच्या दातांचं टोक खालच्या ओठाला अलगद टेकायला हवं. दात लांब झाले तर ओठ चावला जातो, ‘स’ला शिट्टी वाजते. मी लोकांना सांगते, हे तोंडात ठेवून घरी जा, चहा प्या, आईला दाखवा. एक गृहस्थ तसेच मंडईत भाजी घ्यायला गेले आणि परत येऊन म्हणाले, ‘भाजीवालीने ओळखलं नाही, जरा कमी करा.’ आम्ही दात एका मिलिमीटरहून कमीच आखूड केले. एवढ्याने माणूस पुन्हा स्वतःसारखा दिसायला लागला.

मॉक-अप पसंत पडला की तिसऱ्या भेटीत तासकाम, आणि तेही मॉक-अपवरूनच. म्हणजे अंतिम आकार जिथे येणार आहे तिथून मोजत आत यायचं, म्हणजे नको तिथला दात वाचतो. मग पुन्हा साचा किंवा स्कॅन, आणि लॅबमधून काम येईपर्यंत आठवडा-दहा दिवस प्लास्टिकचे तात्पुरते दात. ते नाजूक असतात. त्या दिवसांत चिक्की-बिक्की नको.

शेवटच्या भेटीत आधी नुसतं लावून बघायचं. ग्लिसरीनच्या रंगीत पेस्टने ते तात्पुरतं धरतं, रंग दिसतो आणि धुऊन निघतं. तुम्ही ‘हो’ म्हटल्यावर खरी चिकटवाचिकटवी. पोर्सिलेनची आतली बाजू हायड्रोफ्लोरिक आम्लाने खरखरीत केलेली असते, त्यावर सिलेन हे जोड पक्का करणारं द्रव्य लावतात. दातावर ३७ टक्क्यांच्या आसपासचं फॉस्फोरिक आम्ल काही सेकंद ठेवून धुतात. मग बाँड, रेझिन सिमेंट आणि निळा प्रकाश. या सगळ्या वेळात दाताला थुंकीचा स्पर्श होता कामा नये, म्हणून दातांभोवती रबरचा पडदा लावतात. तो पडदा लोकांना आवडत नाही. मला फार आवडतो.

दुखतं का?

तासताना बधीर करण्याचं इंजेक्शन देतो, त्यामुळे दुखत नाही. ओठ दोन-तीन तास जड राहतो, तोवर गरम वडापाव खाऊ नका, ओठ भाजतो तरी कळत नाही. पुढचे काही दिवस गार-गरम थोडं लागू शकतं. महिन्यानंतरही कळ येत असेल तर दाखवायला या, अंगावर काढू नका.

सिरॅमिक घ्यावं की कॉम्पोझिट?

कॉम्पोझिट डॉक्टर तुमच्यासमोर हातानेच घडवतात, एका बैठकीत होतं, स्वस्त पडतं, तुकडा उडाला तर जागच्या जागी डागडुजी होते, आणि पुष्कळदा दात तासावाही लागत नाही. पण त्याची चकाकी उतरते, चहा आणि हळद धरते, दरवर्षी पॉलिश मागते. चार ते सात वर्षांत बहुतेक वेळा नवं करावं लागतं. सिरॅमिक, म्हणजे पोर्सिलेन आणि त्याच्या जातीचं साहित्य, लॅबमध्ये बनतं, त्याचा पृष्ठभाग काचेसारखा असतो, डाग धरत नाही, प्रकाश थोडा आत जाऊ देतं म्हणून दातासारखं दिसतं. आजकाल यात लिथियम डायसिलिकेट नावाचा प्रकार जास्त चालतो. झिर्कोनिया हा दुसरा प्रकार मजबूत, पण त्यावर आम्लाने खाचा पडत नाहीत, म्हणून पातळ पापुद्र्यासाठी ते माझी पहिली निवड नसते.

वय पंचविशीच्या आत असेल आणि मन डळमळीत असेल तर कॉम्पोझिटने सुरुवात करा. तिथून सिरॅमिककडे जाता येतं. उलट प्रवास नाही.

एकदम पांढरेशुभ्र करता येतील का?

करता येतील. करावेत का, हा प्रश्न तुम्ही विचारला नाहीत, पण उत्तर देते. रंग निवडायच्या पट्टीवर ए, बी, सी, डी असे गट असतात आणि त्यापलीकडे ‘ब्लीच’ नावाच्या खास पांढऱ्या छटा. आपल्या गव्हाळ, सावळ्या चेहऱ्यावर सर्वांत पांढरी छटा बाथरूमच्या टाइलसारखी दिसते. डोळ्याच्या पांढऱ्या भागापेक्षा दात पांढरे झाले की समोरच्याचं लक्ष बोलण्यावरून दातांवर जातं. खरा दात एकरंगी नसतो. हिरडीकडे तो जरा उबदार, टोकाला किंचित पारदर्शक आणि निळसर असतो. चांगला तंत्रज्ञ हे सगळं उतरवतो, आणि चांगल्या लॅबचे पैसे त्याचेच असतात.

रंग दिवसाच्या उजेडात आणि तपासणीच्या सुरुवातीलाच निवडायचा. तोंड उघडं ठेवल्याने दात सुकतात आणि सुकलेला दात आहे त्यापेक्षा पांढरा दिसतो. लिपस्टिक लावून येऊ नका, भडक रंगाचा कुडताही नको. सुरुवातीच्या वर्षांत एका बाईंच्या दोन दातांचा रंग मी संध्याकाळी सातला ट्यूबलाइटखाली, अर्धं काम झाल्यावर ठरवला होता. दुसऱ्या दिवशी उन्हात त्यांचे ते दोन दात शेजाऱ्यांपासून फटकून उभे होते. पुन्हा केले, माझ्या खर्चाने. तेव्हापासून सकाळी अकराच्या आत.

ब्लीचिंग करायचं असेल तर ते व्हिनीअरच्या आधी. सिरॅमिकचा रंग नंतर ब्लीचने बदलत नाही. आणि ब्लीचिंगनंतर किमान दोन आठवडे थांबायचं, कारण दातात राहिलेला ऑक्सिजन चिकटकाम बिघडवतो.

किती दातांना लागतील?

हसताना किती दिसतात त्यावर. कुणाला चार पुरतात, कुणाला आठ-दहा. ‘वरचे-खालचे मिळून वीस’ असं पहिल्याच भेटीत पॅकेज सांगितलं गेलं तर घरी जा आणि झोप काढा.

पुढच्या दोन दातांत फट आहे. सासूबाई म्हणतात भाग्याची आहे, बुजवू नको.

सासूबाईंच्या ज्ञानावर मी बोलणार नाही. फट असणं हा आजार नाही, त्रास नसेल तर तशीच ठेवायला हरकत नाही. पण ती अलीकडे वाढत चालली असेल तर आधी हिरड्या तपासा. चाळिशीनंतर अचानक रुंदावणारी फट बहुधा पायरियाची खूण असते, तिथे व्हिनीअर लावणं म्हणजे रोग झाकणं. दोन मिलिमीटरच्या आतली जुनी फट असेल तर कॉम्पोझिटने छान बुजते. फार मोठी फट दोनच दातांनी भरून काढली तर ते दात फावड्यासारखे रुंद दिसतात, म्हणून तिथे आधी तार.

आम्ही मूळचे बीडचे. लहानपणापासून दातांवर तपकिरी डाग आहेत. ब्रशने जात नाहीत.

हे फ्लोरोसिस असण्याची शक्यता मोठी आहे. बीड, नांदेड, यवतमाळ, चंद्रपूर या जिल्ह्यांतल्या अनेक गावांच्या बोअरच्या पाण्यात फ्लोराइड जास्त आहे. पिण्याच्या पाण्यात ते लिटरला १ मिलिग्रॅमपर्यंत असावं, दुसरी सोयच नसेल तर १.५ पर्यंत चालवून घ्यावं, असं भारतीय मानक सांगतं. पक्के दात जबड्यात घडत असतानाच्या वर्षांत, म्हणजे साधारण आठव्या वर्षापर्यंत, जास्त फ्लोराइड पोटात गेलं की एनॅमल सच्छिद्र बनतं आणि दात आल्यावर ते डाग धरतं. यात तुमच्या दात घासण्याचा काही दोष नाही. शाळेत ‘दात घासत नाहीस का?’ म्हणून बोलणी खाल्लेली कितीतरी मुलं मोठी होऊन पुण्यात नोकरीला येतात आणि पहिल्या पगारात दात दाखवायला येतात. ती तोंडावर हात ठेवून हसतात.

सौम्य डाग असतील तर वरचा अगदी पातळ थर घासून काढणारं मायक्रोअॅब्रेजन, ब्लीचिंग किंवा पातळ रेझिन मुरवणं, यांनी बराच फरक पडतो. खड्डे पडले असतील, रंग गडद असेल तर व्हिनीअर योग्य. फ्लोराइड मुरलेल्या एनॅमलवर आम्लाचा परिणाम सावकाश होतो, म्हणून चिकटवताना डॉक्टरांना ही माहिती हवी. आणि घरी लहान मुलं अजून गावाकडचंच पाणी पीत असतील तर ते तपासून घ्या. आपले दात नंतरही होतील.

एकच दात काळपट पडलाय. त्यालाच लावून द्या ना.

आधी सांगा, लहानपणी पडला होतात का? जिन्यावर, सायकलवरून? एकटा काळवंडलेला पटाशीचा दात बहुधा आतून मेलेला असतो. त्याला आधी रूट कॅनाल, मग दाताच्या आतून ब्लीचिंग. नुसत्या पातळ पापुद्र्यातून आतला करडा रंग डोकावतो. शिवाय शेजारच्या नैसर्गिक दाताशी एकट्या दाताचा रंग जुळवणं हे आमच्या धंद्यातलं सर्वांत अवघड काम, दहा दात एकदम करण्यापेक्षाही.

आणि दुचाकीवरून पडून दाताचा तुकडा नुकताच उडाला असेल तर तुकडा शोधा, दुधात घालून आणा. पुष्कळदा तोच परत चिकटवता येतो.

लग्न तोंडावर आलंय. पंधरा दिवसांत होईल?

तासून, बसवून होईल. नीट होईल असं नाही. तुळशीचं लग्न झालं की आमच्याकडे अशा फोनांची रांग लागते. हिरड्या शांत व्हायला, मॉक-अप घालून विचार करायला, बोलण्याची सवय व्हायला आणि एखादं काम लॅबकडे परत पाठवायला वेळ लागतो. साखरपुडा झाला त्याच आठवड्यात या. दोन-अडीच महिने हातात असावेत. पंधराच दिवस असतील तर सफाई आणि जमलं तर ब्लीचिंग, बस. फोटोग्राफर बाकीचं बघेल.

टिकतं किती? निघालं तर?

योग्य दातावर, एनॅमलमध्ये राहून केलेलं सिरॅमिक दहा वर्षांनी दहांपैकी नऊ तरी शाबूत असतं, काहींचं पंधरा-वीस वर्षंही. ‘लाइफटाइम’ असं कुणी म्हटलं तर कुणाचं लाइफ ते विचारा. बदलावं लागतं, आणि दर बदलात दाताचा आणखी एक बारीक थर जातो. पंचविशीत करणाऱ्याने आयुष्यात दोन-तीनदा पुन्हा करायचा हिशेब धरावा.

अख्खं निघालं तर फेकू नका, डबीत घालून आणा. घरातल्या फेव्हिक्विकने चिकटवू नका. हे लिहावं लागतंय, कारण लोक चिकटवतात.

आणि हो, सिरॅमिकला कीड लागत नाही, पण त्यामागच्या दाताला लागते. जोडाची कड हिरडीजवळ असते, तिथे ब्रश आणि फ्लॉस फिरलाच पाहिजे. कोळशाची, खरखरीत दंतमंजनं बंद. दुसरीकडे कुठे स्केलिंग करायला गेलात तर व्हिनीअर आहेत हे आधी सांगा. काही आम्लयुक्त फ्लोराइड जेल सिरॅमिकची चकाकी घालवतात.

काय खायचं नाही?

खायचं सगळं, पुढच्या दातांनी तोडायचं नाही. सुपारी फोडणं, ऊस सोलणं, मटणाच्या नळीवर जोर लावणं, लोणावळ्याची चिक्की पटाशीच्या दातांनी मोडणं बंद. पेरू आणि मक्याचं कणीस कापून, सोलून. बाकरवडी चालेल, दाढेखाली. खरी मोडतोड खाण्याबाहेरच्या सवयींनी होते: शिवताना दोरा दाताने तोडणं, पेनचं टोपण चावणं, सेफ्टी पिन दातात धरणं, बाटलीचं झाकण दाताने उघडून दाखवणं.

बायको म्हणते मी झोपेत दात खातो. चालेल का?

बायकोचं ऐका. झोपेत दात खाणाऱ्याच्या जबड्याचा जोर जागेपणीच्या चावण्यापेक्षा जास्त असू शकतो आणि त्याखाली सिरॅमिकच्या कडा उडतात. आधी दातांची झीज बघू, चावा तपासू. व्हिनीअर केलीच तर रात्री दातांवर घालायचा नाइट गार्ड कायमचा, तो डबीत ठेवायला नव्हे. पटाशीचे दात एकमेकांवर टोकाला टोक आपटत असतील तर मी नाही म्हणते. आम्लपित्ताने दात मागून विरघळत असतील तर आधी पोटाच्या डॉक्टरांकडे.

मुलगी सोळाची आहे, तिला हवं आहे.

अठरापर्यंत थांबा. या वयात दातातली नस मोठी असते, हिरड्यांची जागा अजून पक्की झालेली नसते. आता केलेल्या व्हिनीअरची कड दोन वर्षांनी हिरडीपासून सुटलेली दिसेल. तिला खरंच टोचत असेल तर न तासता कॉम्पोझिट करून देऊ.

खर्च किती? मेडिक्लेममध्ये बसतं का?

पुण्यात सध्या कॉम्पोझिट दातामागे साधारण तीन-चार हजारांपासून, सिरॅमिक आठ-दहा हजारांपासून वर वीस-पंचवीस हजारांपर्यंत जातं. या फरकात पत्ता, लॅब, साहित्य आणि डॉक्टरांनी दिलेला वेळ हे सगळं असतं. दर विचारताना मॉक-अप, तात्पुरते दात आणि नाइट गार्ड त्यात धरलेत का, हेही विचारा. स्वस्त वाटलेला आकडा तिथेच फुगतो. मेडिक्लेममध्ये दिसण्यासाठी केलेले उपचार सहसा बसत नाहीत. अपघातात दात तुटला असेल तर पॉलिसी वाचून बघा.

बजेट कमी आणि हाताशी वेळ असेल तर दंत महाविद्यालयांचा रस्ता चांगला. धनकवडीचं भारती विद्यापीठ, पिंपरीचं डी. वाय. पाटील, कॅम्पातलं रंगूनवाला, वडगावचं सिंहगड. तिथे पदव्युत्तर विद्यार्थी प्राध्यापकांच्या देखरेखीखाली काम करतात. फेऱ्या जास्त होतात, पण घाई कुणालाच नसते.

डॉक्टर बरोबर आहे की नाही, कसं ओळखायचं?

 कायद्यानुसार नोंदणी असलेल्यालाच हे काम करता येतं, नोंदणी क्रमांक विचारण्यात लाजू नका. पार्लरमध्ये, घरी येऊन, किंवा कुरिअरने मागवून दात बसवून घेऊ नका. या कामात प्रोस्थोडॉन्टिस्ट (कृत्रिम दातांचे तज्ज्ञ) किंवा कन्झर्वेटिव्ह (दात वाचवण्याच्या) शाखेचे एमडीएस, म्हणजे पदव्युत्तर शिकलेले, जास्त मुरलेले असतात, पण हात चांगला असलेले बीडीएसही पुष्कळ पाहिलेत. त्यांनी स्वतः केलेल्या, पाच वर्षं झालेल्या केसचे फोटो मागा. कालच बसवलेले दात सगळ्यांचेच सुंदर दिसतात.

पहिल्या भेटीला काय आणू?

चालू औषधांची यादी, मधुमेह असेल तर ताजा साखरेचा रिपोर्ट, जुने एक्स-रे असतील तर ते. गरोदर असाल तर आत्ता फक्त तपासणी, बाकी बाळंतपणानंतर. नटीचा फोटो आणला तरी चालेल, पण सोबत स्वतःचा वीस-बाविशीतला, तोंड भरून हसतानाचा एक फोटो आणा. कॉलेजच्या सहलीतला, कुणाच्या तरी हळदीतला, कसलाही. दातांची मूळची लांबी मला त्यावरूनच कळते. आणि सकाळी या, अकराच्या आत. का, ते वर सांगितलं आहे.